दोन नव्हे, एकोणतीस

ठाण्याच्या शाळेत मी चौथीला गणित शिकवायची. इस्राएलमध्ये रामल्याला राहायला आल्यावर माझं गणित कोथिंबिरीच्या जुड्यांपुरतं उरलं. भाजी पॅक करायच्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं, गार पाण्यात हात घालून घालून बोटं आखडायची, आणि वर मुकादमीण सांगणार, जरा लवकर बांध. नव्वदच्या दशकात बाहेरून आलेल्यांसाठी संध्याकाळचा कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. सुरुवातीचा महिना सगळ्यांना, मग परीक्षा, आणि पास होतील त्यांनाच पुढचा, नोकरीपर्यंत नेणारा वर्ग. मला त्या गारठ्यातून सुटायचं होतं, दुसरं काही नको होतं.

शिकवणारा मुलगा पंचविशीतला. सँडल घालून यायचा आणि मला सरळ 'तू' म्हणायचा. हिब्रूत तुम्ही-आपण नाहीच, हे ठाऊक असूनही ते मला टोचायचं. शिकवायचा मात्र छान. निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं तरी फळ्यावरचं कळायचं.

परीक्षेत प्रोग्राम लिहायला आला: कुठलीही संख्या घ्या, तिच्यातल्या अंकांची बेरीज दाखवा. मला हसूच आलं. हा तर आपला ताळा. गुणाकार बरोबर आला की नाही ते पाहायला वर्षानुवर्षं मुलांकडून मी हेच करून घेतलं होतं. अंक मिळवा, बेरीज दोन अंकी आली तर तिचेही मिळवा, एकच अंक उरेपर्यंत. दहानं भागायचं, बाकी उरेल तो शेवटचा अंक, तो काढून घ्यायचा आणि पुढे जायचं, एवढं वर्गात झालंच होतं. मी ते लिहिलं आणि एक अंक उरेपर्यंत सगळं पुन्हा करायला लावणारं आणखी एक चक्र त्याभोवती घातलं. २०३१ घालून पाहिलं, सहा आले. बाकीच्यांच्या माना अजून खाली होत्या. मी हाताची घडी घालून ऐटीत बसले.

मास्तर आला आणि त्यानं ९८७५ घातले. पडद्यावर दोन आले.

"एकोणतीस यायला हवेत," तो म्हणाला. मग वाकून माझं लिहिलेलं नीट वाचलं, बाहेरच्या चक्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "लामा?" म्हणजे, का? रागावून नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तरासाठी थांबला होता तो.

ताळ्याला हिब्रूत काय म्हणतात? तोंडात मराठी आलं, मग मुंबईचं इंग्लिश आलं, हिब्रू काही केल्या येईना. शेजारचे वळून बघायला लागले.

"स्लिहा," मी म्हटलं. माफ करा. त्यानं मान हलवली आणि पुढच्या कॉम्प्युटरकडे गेला. पुढच्या वर्गाला मला घेतलं नाही.

लेक सैन्यातून सुटून कॉम्प्युटर शिकायला लागली, तेव्हाही मी जुड्याच बांधत होते. तिला पहिल्याच आठवड्यात हेच गणित घातलं. तेव्हा कुठे मी तिला माझी फजिती सांगितली. ताळा तिला ठाऊक नव्हता. तेवीस गुणिले चौदा करून दाखवला, दोन्हीकडे सात आले, तशी ती बघतच राहिली. मी मराठीत बोलते, ती हिब्रूत उत्तर देते, आईलाही इमाच म्हणते, आमचं असंच चालतं.

"इमा, तू तर मागितलं त्याहून जास्त केलं होतंस. बाहेरचं चक्र काढलं की झालं असतं. त्याला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार गं? शब्दच नव्हता माझ्याकडे."

"बदीका," ती म्हणाली. "नुसतं बदीका म्हणायचं."

बदीका. तपासणी. रक्ताची बदीका, साखरेची बदीका. दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून मीच तो शब्द म्हणायची, हिब्रू अक्षरं वाचता यायच्या आधीपासून. म्हणजे त्या संध्याकाळीही तो मला येत होता. अजून जिवाला लागतं ते हेच, की शब्द येत असताना मी माफी मागितली.