‘आपल्या’ म्हणजे कोनाच्या?

टीव्हीवर प्रश्न विचारला गेला रे गेला की इंदूमावशी उठायच्या आणि आवाज बंद करायच्या. उत्तर कोणी द्यायचं नाही. आधी प्रश्नाची झडती. तो नीट विचारलाय का, त्याला एकच उत्तर आहे का, विचारणाऱ्यानं मनातल्या मनात काही धरून ठेवलंय का. तोवर पडद्यावर बिचारा स्पर्धक नुसतं तोंड हलवत बसायचा आणि आम्ही त्यांच्या ओसरीवर चहाचे कप घेऊन भांडायचो. भांडायचोच, चर्चा वगैरे शब्द त्या ओसरीला शोभणारे नव्हते.

इंदूमावशी भोयर रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेल्या. माहेर उमरेडचं, पण अख्खी नोकरी रायपुरात गेली. तिथल्या गुढियारीत माझ्या घराशेजारी त्यांचं घर. नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि इथल्या एका केबलवाल्यानं दर रविवारी सामान्य ज्ञानाचा कार्यक्रम सुरू केला होता. शनिवारी रेकॉर्डिंग, रविवारी प्रसारण. पाराभर, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याला, त्याचं वेड लागलेलं. मावशींना वेड नव्हतं, संताप होता, आणि त्या संतापासाठी त्या रविवारची वाट बघायच्या.

त्यांचा सगळ्यात मोठा राग ‘हमारे’ या शब्दावर. ‘हमारे यहाँ’, ‘हमारे घरों में’ असं प्रश्नात आलं की मावशी टीव्हीलाच विचारायच्या, “आपल्या म्हणजे कोनाच्या?” समोर देशकरकाका बसायचे, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं ठरलेलं : खेळ आहे बाई, कागदावर लिहिलंय ते उत्तर खरं, बाकी सगळं खोटं. त्यावर मावशींचंही ठरलेलं : “उत्तर चुकलं तर मानूस चुकला. पन प्रश्नच चुकला तर मानसानं काहून हारावं?” दोघंही एक इंच हलायचे नाहीत.

मग एकदा मीच त्या कार्यक्रमात गेले. प्रेक्षकांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत मावशी बसलेल्या. सूट घातलेल्या निवेदकानं विचारलं, “हमारे प्रदेश की जीवनरेखा किस नदी को कहते हैं?” मी म्हटलं, महानदी. त्यानं कागदात बघितलं आणि म्हणाला, “गलत. नर्मदा.”

नर्मदा! राज्याची वाटणी झाली, साहेब वाटले गेले, फायली वाटल्या गेल्या, शंकर नगरातल्या माझ्या ऑफिसच्या बोर्डावर जुन्या राज्याचं नाव पुसून नवं रंगवलं, आणि या माणसानं प्रश्न मात्र जुन्या राज्याच्या गाईडमधून उतरवले होते. नर्मदा तिकडे राहिली होती. मावशी मागून उठल्या आणि त्याला म्हणाल्या, तुझी नर्मदा रायपुरात कुठून वाहते ते दाखव, मी आत्ता तिथे जाऊन पाय धुते. लोक हसले. निवेदकही हसला. मला बाहेर काढलं ते काढलंच, आणि रविवारी प्रसारण झालं तेव्हा मावशींचं उठणं त्यात नव्हतंच.

मावशी केबलवाल्यांच्या ऑफिसात जाऊन भांडल्या. त्यांनी मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण प्रश्न चुकला होता हे टीव्हीवर सांगायला नकार दिला. म्हणाले, इतकी छोटी गोष्ट, मौसीजी, आणि पुढच्या वेळेपासून प्रश्न तुम्हीच तपासा ना. तोंड बंद करायची ही किती जुनी रीत आहे, आणि किती बिनचूक. ते घड्याळ मी आजवर भिंतीला लावलेलं नाही.

मावशींनी ते काम घेतलं. आतून तरी नीट करू म्हणाल्या. देशकरकाकांनी चिडवलं, की आता तुम्ही सरकारात गेल्या. पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर कार्यक्रम सुधारला. मावशी लाल पेन्सिल घेऊन बसायच्या आणि दिसेल तो ‘हमारे’ खोडायच्या.

पोळ्याच्या आठवड्यात एक प्रश्न कमी पडला. रेकॉर्डिंगच्या तोंडावर निवेदक म्हणाला, मौसीजी, सणाचा एखादा तुम्हीच द्या. मावशींनी उभ्या उभ्या लिहून दिला : ‘पोला के दिन हमारे यहाँ बच्चे किस चीज़ का बैल घुमाते हैं?’ उत्तर : लकड़ी. त्यांच्या माहेरी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत दारोदार हिंडायची. वडिलांनी भावासाठी केलेला असा एक बैल मावशींच्या घरी टीव्हीवर ठेवलेला असायचा.

त्या दिवशी शेवटच्या फेरीत फुलेश्वरी नावाची बाई होती. शहराबाहेर उरल्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. बक्षीस शिलाई मशीन होतं. मधल्या सुट्टीत तिनं मावशींना आणि मला सांगितलं होतं, की मशीन मिळालं तर त्या धुळीतून सुटेन, घरीच ब्लाउज शिवीन. शेवटचा प्रश्न मावशींचाच आला. फुलेश्वरी तो ऐकून हसली, इतका तो तिला सोपा वाटला. “माटी के,” म्हणाली.

“गलत. लकड़ी.”

अहो, या मुलखात पोळ्याला पोरं मातीचेच बैल खेळवतात. कुंभार रस्त्याकडेला ढीग लावून विकतात, पोरींसाठी मातीची चूल-भांडी विकतात. मावशींनी हे दरवर्षी बघितलं होतं. बघितलं होतं, आणि तरी लिहिताना उमरेडच आठवलं.

मावशी ताडकन उठल्या. “रोको. सवाल मेरा है, और सवाल गलत है. इस बाई का जवाब सही है.” निवेदकानं हात जोडले, हसला आणि पुढे गेला. मशीन दुसऱ्याच्या घरी गेलं. रविवारी मावशींचं उठणं पुन्हा कापलेलं होतं. पुढच्या शनिवारी त्यांना येऊ नका म्हणून निरोप आला.

त्या रविवारी ओसरीवर देशकरकाका चांगल्या मनानं म्हणाले, कागदावर लाकूडच होतं, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की काकांनी कप खाली ठेवला. “कागद माह्याच हातचा होता, देशकर. लोकाइले इचारत फिरली, आपल्या म्हणजे कोनाच्या. सोताले नाही इचारलं.” मावशींचा राग मी रोज बघत होते, पण तो त्यांच्यावरच उलटलेला पहिल्यांदा बघितला, आणि मला तो बघवेना.

केबलवाल्यांच्या ऑफिसात त्या कितीदा गेल्या कोण जाणे. एकदा चुकलं म्हणा, एवढंच मागायच्या. एक ओळ! ती ओळ म्हणायला त्या लोकांच्या जिभेला काय झालं होतं, देव जाणे. शेवटी मावशींनी स्वतःचं शिलाई मशीन रिक्षात घातलं, मला सोबत घेतलं आणि उरल्याला फुलेश्वरीचं घर गाठलं. तिनं पाणी दिलं, मशीनवरून हात फिरवला आणि ते परत रिक्षात ठेवायला लावलं. “मशीन नइ चाही दाई. मोर जवाब सही रिहिस, ये बात टीवी म कहवा दे.” तिलाही तीच ओळ हवी होती, टीव्हीवर.

परत येताना मावशींनी वाटेत एक मातीचा बैल विकत घेतला आणि घरी येऊन लाकडी बैलाशेजारी ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, हाही बरोबर आहे. कोणी काही विचारलेलं नसायचं.

कार्यक्रम बंद पडला. मावशींचा राग नाही पडला. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, तरी मला विचारायच्या, “म्हटलं काय त्याइनं?” मी खोटं सांगू शकले असते. पण मावशींशी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं बसली होती. फुलेश्वरी आली. अंगावर कारखान्याची धूळ तशीच, शिफ्ट सुटल्यावर सरळ आलेली. देशकरकाकांनी कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. काका उठून उभे राहिले. जन्मभर कागदावरचं उत्तर खरं मानलेला माणूस, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, “बहनजी, आपका जवाब सही था.”

फुलेश्वरीनं टीव्हीवरच्या दोन बैलांकडे बघितलं, मग काकांकडे.

“टीवी म कहिन का?”

काका खाली बसले. टीव्हीवर नव्हतं म्हटलं कोणी. आजवर नाही.