फ्रिज कुठे ठेवता?

पुण्यात विभावरी जुन्या सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करायची, तेव्हा तिच्या पिशवीत हातोडी असायची, टेप असायची, टॉर्च असायचा. पण तिचं खरं हत्यार म्हणजे एक प्रश्न. "भिंत तोडलीय का हो?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणत नाही. महापालिकेची भीती, सेक्रेटरीची भीती, आणि आपल्या घरातल्या भानगडी परक्या बाईला कशाला सांगा? म्हणून विभावरी चहा घेता घेता विचारायची, "काकू, फ्रिज कुठे ठेवता?" काकू खुलायच्या. नकाशातलं स्वयंपाकघर सात फुटांचं. त्यात ओटा, फ्रिज आणि सहा खुर्च्यांचं टेबल बसत असेल तर समजायचं, भिंत केव्हाच गेली.

मग नवऱ्याच्या, इंद्रनीलच्या, नोकरीपायी ती डब्लिनला आली. आधी कामाचा परवाना नव्हता, नंतर मुलगी लहान होती. ब्युमॉन्टच्या घरात सात वर्षं गेली. कागदोपत्री ती 'डिपेंडंट'. हा शब्द तिला असा झोंबायचा की फॉर्म भरायचं काम तिने इंद्रनीलवरच टाकलं होतं. शेवटी बेचाळिसाव्या वर्षी चेरीवूडच्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि तीही ज्युनिअर म्हणून. तिचा साहेब डेक्लन तिच्याहून नऊ वर्षांनी लहान.

कंपनीचं काम मात्र तिला पहिल्या दिवसापासून आवडलं. युद्धात फुटलेल्या इमारती पाडायच्या नाहीत. जेवढं उभं आहे तेवढं वाचवायचं आणि गेलेला भाग कारखान्यात तयार करून क्रेनने जागेवर बसवायचा. तिच्या वाट्याला युक्रेनमधल्या खार्किवची नऊ मजली इमारत आली. क्षेपणास्त्राने तिचा वरचा कोपरा उडवला होता. ड्रोन आणि लेझर स्कॅनरने उरलेल्या इमारतीचं माप घेतलं होतं. फक्त चौदा घरांना कुलपं होती. तिथली माणसं देशोदेशी पांगलेली. त्या घरांपुरता मूळ नकाशा खरा धरला होता. नव्या भिंतींचा भार जुन्या भिंतींना पेलेल, अशी सही विभावरीने करायची होती. आयर्लंडमधली तिची पहिली सही.

"चौदाही जणांनी फॉर्मवर लिहून दिलंय, काहीही बदल केलेला नाही," डेक्लन म्हणाला. "सोमवारी कारखान्यात काँक्रीटची पॅनेल ओतायला घेतायत."

विभावरीला हसूच फुटलं. "चाळीस वर्षांत चौदा घरांपैकी एकानेही काही तोडलं नाही? अशी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. मला दोन दिवस दे."

"आणि काही सापडलं नाही तर?"

"तर मला परत घरी बसव." ती बोलून गेली आणि लगेच चौदा जणांचे नंबर मागून मोकळी झाली.

फोनवरच्या बोलण्यासाठी दुभाषी म्हणून हलीना ऑफिसात आली. साठीची बाई, त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी, गेली तीन वर्षं आयर्लंडमधल्याच डंडॉक गावात. दोघींनी एकेक घर फोनवर गाठलं. पोलंड, जर्मनी, पोर्तुगाल. फ्रिजचं नाव काढलं की माणसं अशी बोलत सुटायची की हलीनाचं भाषांतर मागे पडायचं. कुणाचा फ्रिज रात्रभर घरघरायचा, कुणाच्या फ्रिजवर मांजर झोपायचं. पण तेरा घरांत भिंती जिथल्या तिथे होत्या. दुसरा दिवस कलला. विभावरीने चहा केला आणि सहज विचारलं, "आणि तुमचा फ्रिज?"

"स्वयंपाकघरात, खिडकीजवळ."

"टेबल?"

"तेही तिथेच. दहा माणसं बसायची." हलीना बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

नकाशात त्या स्वयंपाकघरात चार माणसंसुद्धा धड बसली नसती.

"नवऱ्याने कापली भिंत," हलीना म्हणाली. "खूप वर्षं झाली. खरं लिहिलं असतं तर माझं घर तुम्ही दुरुस्तीच्या यादीतून काढलं असतं."

नेमक्या त्याच भिंतीच्या डोक्यावर नवा कोपरा उभा राहणार होता. विभावरीला भयंकर राग आला. दोन दिवस ही बाई शेजारी बसून इतरांना विचारत होती! पण पुण्यात अशा वेळी ती आधी चहा संपवायची आणि मगच तोंड उघडायची. इथेही तिने तेच केलं.

"कापली ती कापली," ती म्हणाली. "किती कापली ते सांगा."

हलीनाने मोबाईलवर मुलाच्या लग्नाचा जुना फोटो उघडला. टेबल, माणसं, मागे फ्रिज. विभावरीने फ्रिजच्या त्या मॉडेलची उंची शोधली आणि तिच्यावरून मोजत मोजत कापलेल्या भिंतीचं माप काढलं. मग हलीनाच्या संमतीने तिकडच्या लोकांनी कुलूप तोडलं आणि स्कॅनर आत नेला. तिच्या मापात आणि स्कॅनरच्या मापात फरक निघाला फक्त दोन बोटांचा.

डेक्लनने पॅनेल थांबवली आणि म्हणाला, "ग्रँड." हा माणूस पावसालाही ग्रँड म्हणतो, त्यामुळे तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. पण पुढच्या महिन्यात कंपनीचा नवा फॉर्म आला. त्यात पहिलाच प्रश्न होता, फ्रिज कुठे ठेवता? त्या दिवशी घरी येऊन तिने इंद्रनीलला तो फॉर्म तीनदा वाचायला लावला.

वसंतात कोपरा चढला. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर विभावरी आणि हलीना बघत होत्या. क्रेनने शेवटचं पॅनेल खाली सोडलं आणि ते जागेवर असं बसलं की विभावरीने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. हे आपण केलं, असं तिला वाटलं, आणि ते लपवायची गरज वाटली नाही.

"माझी भिंत परत बांधली?" हलीनाने हळूच विचारलं.

"नाही. लोखंडी चौकट घातली. दहा माणसं बसतील."

तिने ड्रॉइंग पुढे ठेवलं. खाली कोपऱ्यात तिची सही होती. असल्या ड्रॉइंगमध्ये घरातलं सामान दाखवत नाहीत, पण हलीनाच्या प्रतीवर विभावरीने खिडकीजवळ पेन्सिलीने एक लहानसा चौकोन काढला होता. हलीनाने चष्मा लावला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं.

मग नाक पुसत म्हणाली, "थोडा डावीकडे घ्या."

विभावरीने खोडरबर शोधलं.