अशा घराशी सोयरीक

लोकांच्या मनात वेडाविषयी काय बसलंय, हे मोजायची मला नोकरी आहे. एकच प्रश्नावली वेगवेगळ्या देशांत फिरते, ज्याच्या त्याच्या भाषेत. आमच्या वाट्याला जुन्नर आणि आंबेगाव आले. दारोदार जायचं, एका काल्पनिक बाईची गोष्ट वाचून दाखवायची. ती झोपत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मग विचारायचं, अशा घराशी सोयरीक कराल का?

सगळे करतात. "करू की! आजार हाय, त्यात काय लाजायचं?" असं म्हणत पुढ्यात चहा ठेवतात. दारात आलेल्या पाहुणीला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि बोलायला काय जातंय? परदेशातले साहेब मात्र लॅपटॉपच्या पडद्यावरून आमच्या तालुक्यांचं तोंडभरून कौतुक करतात. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण ती गोष्टीतली बाई आमच्या घरात आहे. माझी आई. दोन वर्षं ती तशीच पडून होती. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू उठली. कांदे निवडायला आलेल्या बायकांशी तिने कडाक्याचं भांडण केलं, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी त्या बायकांना जिलेबी आणून दिली. माझं सासर-माहेर दोन्ही राजुरीतच. दर सोमवारी आम्ही दोघी एसटीने जुन्नरला जायचो. आमची पाहणी तिथल्या मनाच्या दवाखान्यामार्फत चालते; मी तिथे कामाला, ती औषधाला.

मग धाकट्या बहिणीला आंबेगाव तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा चांगला, तिलाही मनापासून आवडलेला. बैठकीआधी मुलाकडचे गावात येऊन गुपचूप चौकशी करून जातात. सलूनमध्ये बसतात, किराणा दुकानात पाव किलो साखर घेतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात. आमच्या गावाने त्यांना मनापासून सांगितलं की थोरली मनाच्या दवाखान्यात जाते, बिचारी आई सोबत जाते.

पेशंट मी झाले होते! ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. घरात दुसरं कुणी हसलं नाही.

मुलाचे चुलते खुलासा करून घ्यायला आले. वडील म्हणाले, "अवो पावणं, ती नोकरीला हाय तिथं. पगार घेती."

"आस्सं व्हय!" चुलते मोकळे झाले. मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या आईकडे बघत म्हणाले, "मंग वैनी कशापायी जात्यात संगट?"

वडिलांनी मान खाली घातली. दाराआड बहिणीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी ठरवूनच बसले होते. जसा साखरेचा आजार तसाच हाही आजार, गोळ्या घेतल्या की माणूस कामाला लागतं, हे मी दवाखान्यातर्फे गावोगावच्या सभांत सांगत आलेय. "आईला ना..." मी सुरुवात केली.

"मी लेण्याद्रीला जाते," आई म्हणाली. "सोमवारचा नेम हाय माझा."

गणपतीला सोमवार कसला, हे कुणी विचारलं नाही. घरच्या गच्चीचा जिना चढू न शकणारे गुडघे लेण्याद्रीच्या पायऱ्या कसे चढतात, हेही नाही. चुलत्यांनी हात जोडले. "लई चांगलं घर हाय," ते म्हणाले. वडिलांनी लगेच पेढे मागवले.

स्वयंपाकघरात आईने माझा दंड धरला. "बरुबर बोलले न्हवं?"

मला तिचा राग आला, वडिलांचा आला, आणि ज्या दारांत मी चहा पीत फिरले त्या सगळ्या दारांचा आला.

पुढच्या सोमवारी जुन्नर स्टँडवर उतरल्यावर तिने लेण्याद्रीची रिक्षा धरली. होणाऱ्या सोयऱ्यांपैकी कुणी पाहिलं तर? दवाखान्याच्या गल्लीत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी गोळ्या घरी आणून देते म्हटलं, तर म्हणाली, "घरात नको. पावण्यांची ये-जा हाय. लगीन व्हऊ दे."

लग्न थाटात झालं. बहीण सुखात आहे, तिला दिवस गेलेत. आता आई म्हणते, बाळंतपण व्हऊ दे. हे ती भिंतीकडे तोंड करून म्हणते, आणि मी डॉक्टरांचं नाव काढलं की विचारते, "मला काय धाड भरलीय?"