होल्मियमची काच आणि बंद कूलर

मे महिन्यात परभणीला निघालेल्याला लोक आधी खुळा म्हणतात, मग कारण विचारतात. सेलूला गाडीत चढलेल्या एका आजींनीही तेच केलं.

"या उन्हात कुठं जायलाव (चाललात) बाबा?"

"भाचीकडे. ती काच बनवते, ते बघायला."

"काच काय दुकानात भेटत न्हाई का?" म्हणत त्यांनी भाजलेल्या शेंगा माझ्यापुढे केल्या.

भाची वैशाली तिथल्या कॉलेजात पीएचडी करते. तिची काच वाळूची नाही, फ्लोराइडची; त्यात होल्मियम नावाचं दुर्मिळ मूलद्रव्य. वितळताना हवेतला ओलावा लागला की ही काच दुधाळ होते, मोजमाप होत नाही आणि प्रबंध अडतो. म्हणून तिनं परभणीचा कोरडा मे निवडला. होल्मियमची पूड दोनच चकत्यांपुरती उरली होती.

भट्टीच्या दिवशी अख्ख्या मजल्यावरचे कूलर बंद असतात. शेजारचे प्राध्यापक घाम गाळत पेपर तपासतात, कुणी कुरकुरत नाही. मला हे फार आवडलं, पण रुमाल पिळायची वेळ आली. वैशाली भट्टीत डोकं घालून होती. शिपाई बाबारावांना माझे हाल बघवेनात. त्यांनी हळूच कूलरमध्ये पाणी भरून तो सुरू केला. वाळ्याचा गार वारा आला आणि मी सुखानं डोळे मिटले.

वैशालीनं ओतलेली चकती पांढुरकी निघाली.

"ताई, पाव्हणं लय भिजलं होतं," बाबाराव खाली बघत म्हणाले. "घरी आलेल्या माणसाला असं ठिवावं का?"

चकती बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळली. "मामा, उद्या तुमी येऊ नका. तुमी समोर असलात की ह्यांना राहवायचं न्हाई."

मला राग आला. एवढ्या लांबून काय बहिणीच्या घरी झोपा काढायला आलो होतो? दुसरा दिवस तिथं कूलरपुढे चिडचिड करण्यात गेला.

संध्याकाळी वैशालीनं डबीतून चकती काढली. खिडकीतल्या उजेडात पिवळसर, ट्यूबलाइटखाली गुलाबी. वर्तमानपत्रावर धरली, तर अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. ती रडत होती.

परतल्यावर सगळे विचारतात, काच कशी ओततात? मला सांगता येत नाही. ती ओतली तेव्हा मी तिथं नव्हतो, म्हणून तर ती नितळ झाली.