दोन मोठे पत्ते आणि गच्चीची किल्ली

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कोणतीही गोष्ट दोन परिच्छेदांच्या आत सांगू शकत नाहीत. लिफ्ट बंद असल्याची त्यांची सूचना वाचून होईपर्यंत लिफ्ट दुरुस्त झालेली असते. आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या प्रत्येक इमारतीला अध्यक्ष आहेत, पण हिरवं कापड लावलेलं पत्त्यांचं टेबल बाळगणारे अध्यक्ष फक्त आमच्याकडे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तकं आणून पोकरचा अभ्यास केला आणि दर रविवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात आम्हाला शिकवायला घेतलं. पैसे लावायचे नाहीत, हा पहिला नियम. बाकीचे लॅमिनेट करून भिंतीवर.

त्यांचा खेळ लिमिट होल्डेम. हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. ते पाच एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचा. दर टप्प्याला बोली. पण बोली किती लावायची आणि वाढवायची तर कितीने, हे आधीच ठरलेलं. पैशांऐवजी प्लास्टिकच्या चकत्या: सुरुवातीला दोन-दोन, शेवटच्या दोन पत्त्यांना चार-चार. होतं-नव्हतं ते सगळं टेबलावर लोटून ताडकन उभं राहण्याची सोय नाही. वार्षिक पगारवाढीवर आयुष्य काढलेल्या लोकांसाठी याहून योग्य जुगार मला माहीत नाही.

भिंतीवरच्या कागदांत माझा आवडता कागद ओव्हरकार्ड्सचा. म्हणजे हातातले दोन्ही पत्ते टेबलावरच्या सगळ्या पत्त्यांहून मोठे, पण जोडी कशाशीच नाही. घराणं मोठं, खिसा रिकामा. अशा वेळी बोली वाढवावी की नाही, यासाठी अध्यक्षांनी अकरा अटी काढल्या होत्या. समोर किती जण आहेत, आपल्यानंतर कोण बोलायचं राहिलंय, समोरचा घाबरणारा आहे की चिवट, असं बरंच काही. ते सातव्या अटीपर्यंत आले की आमच्या खजिनदार बेन, ज्या पत्ते वाटायच्या, त्या विचारायच्या, "भाईसाब, खेलनेका है की पीएचडी करनेका है?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आई म्हणतो. घरात कंटाळतात म्हणून मी त्यांना खाली घेऊन गेलो. दोन रविवार त्या नुसत्या बघत बसल्या. बघत म्हणजे माणसांकडे. पत्त्यांकडे फारसं लक्ष दिसलं नाही, भिंतीकडे तर अजिबात नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

एप्रिलमध्ये त्यांनी केबिन रोडच्या बाजारातून मिरच्या आणल्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मिळून पाच किलो. संसार सुरू झाल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या हातचा मसाला आलेला नाही. मिरच्यांना चांगलं दोन दिवसांचं ऊन लागतं, त्याशिवाय डंकावर कुटायला नेता येत नाहीत. पण गच्चीचं नुकतंच वॉटरप्रूफिंग झालं होतं आणि अध्यक्षांनी तिला कुलूप ठोकलं होतं. आईंनी अर्ज दिला. 'विषय विचाराधीन आहे' असं उत्तर आलं, दीड पानांचं. आमच्या खिडकीत समोरच्या इमारतीच्या कृपेने जेमतेम अर्धा तास ऊन येतं. आठवड्याने टीव्हीखालच्या पोत्यात हात घालून आई म्हणाल्या, "मऊ पडायला लागल्यात. आणखी चार दिवसांनी बुरशी धरतील." त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

रविवारी टेबलावर बसता बसता त्या म्हणाल्या, "साहेब, आज आपण दोघंच खेळू. मी जिंकले तर गच्चीची किल्ली दोन दिवस माझी. हरले तर अर्ज मागे घेते."

"अहो बाई, हे नियमात बसत नाही."

"नियम तो आपनेच बनाया ना भाईसाब," बेन म्हणाल्या. "डर लगता है क्या?"

बघायला सात-आठ जण जमले होते. अध्यक्षांनी शर्टाची कॉलर नीट केली. पाच वाजेपर्यंत खेळायचं आणि ज्याच्याकडे चकत्या जास्त तो जिंकला, असं ठरलं. मी आईंच्या मागे बसलो.

पाचला पाच मिनिटं असताना दोघांच्या चकत्या जवळपास सारख्या होत्या. बेननी शेवटचा डाव वाटला. आईंच्या हातात एक्का आणि राणी. टेबलावर नव्वी, सत्ती, तिर्री. म्हणजे हातात काहीच नाही. अध्यक्षांनी दोन चकत्या पुढे सरकवल्या.

"आता बघा," ते जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "हा बोर्ड तसा कोरडा आहे. अशा बोर्डवर पहिलं बोलणाऱ्याने जर..."

"चार," आई म्हणाल्या.

वाक्य अर्धंच राहिलं. मी असतो तर मुकाट्याने दोन टाकून पुढचा पत्ता बघितला असता. अध्यक्षांनी आईंकडे पाहिलं, मग आपल्या पत्त्यांकडे, आणि वरच्या दोन चकत्या भरल्या.

चौथा पत्ता पंजी. कोणाच्या कामाची वाटेना. आता बोली चारची होती. अध्यक्षांनी कापडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चेक," म्हणजे बोली न लावता पुढे. आईंनीही नुसती टेबलावर टिचकी मारली. एवढी डरकाळी फोडून आता गप्प का, मला कळेना. मग हिशेब लक्षात आला. मघाशी दोन जास्त घातल्या म्हणून साहेब बिचकले, आणि ज्याला चार चकत्या पडल्या असत्या तो शेवटचा पत्ता आईंना फुकट दिसणार होता.

शेवटचा पत्ता बेननी उलटला. राणी.

आई गप्प बसलेल्या पाहून अध्यक्षांना धीर आला असावा. त्यांनी चार लावल्या. आईंनी आठ केल्या. त्यांनी भरल्या आणि नव्व्यांची जोडी दाखवली. आईंनी राणी ठेवली, शेजारी एक्का. बेन खुर्चीवरून उठल्याच. "अरे वाह मासी!"

"नशीब!" अध्यक्ष म्हणाले. "राणी आली नसती तर?"

"तर मिरच्या फेकून दिल्या असत्या," आई म्हणाल्या. "नशीब होतंच की साहेब. पण तो शेवटचा पत्ता बघायचे तुम्ही काही घेतले नाहीत माझ्याकडून."

लिफ्टमध्ये मी विचारलं, "भिंतीवरच्या अटी तुम्ही कधी वाचल्यात?"

"एवढं बारीक मला कुठे दिसतंय."

"मग वाढवायचं कसं ठरवलंत?"

"साहेबांकडे खरंच चांगले पत्ते असले की ते तोंड मिटून बसतात. खात्री नसली की शिकवायला लागतात." मग माझ्याकडे बघून, "तुमचंही तसंच आहे, जावईबापू."

सोमवारी सकाळी रजिस्टरमध्ये सही घेऊन किल्ली मिळाली. दहा वाजेपर्यंत अर्धी गच्ची लाल झाली होती आणि वरचे दोन मजले शिंकत होते. अध्यक्ष वॉटरप्रूफिंग बघायला म्हणून वर आले. त्यांच्या मागून त्यांची बायको आली आणि तिच्या मागून वॉचमन, खांद्यावर पोतं घेऊन.

"हिच्या पण आहेत थोड्या," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पूर्ण केलेलं हे एवढं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आईंनी चादर सरकवून त्यांना जागा करून दिली. आमच्या मिरच्या मंगळवारी कडकडीत वाळल्या. किल्ली मात्र शुक्रवारपर्यंत आमच्याकडेच होती. अध्यक्षांच्या मिरच्या म्हणे अजून ओल्या होत्या.