हरवलेला दुवा

वीसेक वर्षांपूर्वी वर्गात शिकवताना मी एकदा फार वाईट वागलो. माकडापासून माणसापर्यंतचा तक्ता दाखवत होतो. सुनंदाने विचारलं, "सर, मधला हरवलेला दुवा कसा दिसत असेल?" मी म्हणालो, "आरशात बघ." तेव्हापासून पोरं तिला 'दुवा' म्हणू लागली.

काल संग्रहालयात आदिमानवाच्या कवटीपुढे एक बाई लेकीच्या भुवया चाचपत होती. "बघ, आपल्यालाही इथे उंचवटा आहे." मला तिथे उभं राहवेना. माकडापासून माणसापर्यंतच्या पिढ्यांत कुठल्याच आईला कधी परक्या प्रजातीचं मूल झालं नाही. मग मधला असा एकटा कोण? सगळेच मधले.

सुनंदाला फोन केला, त्या तासाची आठवण काढली. ती हसली, "माहेरी अजून दुवाच म्हणतात, सर."

"तुझा प्रश्न चांगला होता, सुनंदा. उत्तर मला येत नव्हतं, म्हणून तुला हसलो. मला माफ कर."