निळ्या ठिपक्याचं शहाळं

आमच्या हॉलच्या फाटकासमोर नारळपाण्याची गाडी लावणारे चाचा नसते, तर माझं ऑपरेशन झालं नसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं मला नीट सांगता येईल याचा भरवसा नाही. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहायला लागलो की भरकटतो.

दिल्लीत एका मराठी मंडळाचा हॉल मी सांभाळतो. झाडलोट, चाव्या, खुर्च्या, सगळं माझ्याकडे. राहायला हॉलमागचीच खोली. म्हणजे काम गेलं की खोलीही गेली, आणि गाव रत्नागिरीच्याही पलीकडे. खुर्च्या उचलून उचलून हर्निया झाला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली, पण बजावलं, "शुगर खाली आणा, नाहीतर तारीख गेली." पुढची तारीख लग्नसराईनंतरची होती. लग्नसराईत ज्याला खुर्ची उचलता येत नाही, असा माणूस मंडळ कशाला ठेवेल? मला झोप लागेना.

भात सोडला. चहा बिनसाखरेचा केला. पण मी आजारी असल्याचं मंडळात कळलं, आणि आजाऱ्याला भेटायला जाताना आपली माणसं काय नेतात? शहाळं.

पहिल्या आल्या लक्ष्मीबाई नगरच्या काकू. "पी. माझ्यासमोर पी, नाहीतर ठेवून देशील."

"काकू, शुगर आहे मला."

"अरे, शहाळं आहे ते, पेढा नाही. पाणीच तर आहे!"

मला ते पटलं. आमच्या गावीही शहाळ्याला कुणी गोडात धरत नाही. मग नोएडाहून आयटीतला एक मुलगा दोन घेऊन आला. "काका, बिल्कुल नॅचरल. टेन्शन नको." करोल बागेत राहून कलेक्टर व्हायचा अभ्यास करणारा एक जण आला. तो म्हणाला, "एका बाजूने बघितलं तर यात साखर आहे, दुसऱ्या बाजूने क्षारही आहेत. आपण समतोल भूमिका घ्यावी." आणि अर्धं स्वतः प्यायला. बाकीच्यांनी एवढीही मदत केली नाही. दिवसाला चार शहाळी, वर मलई.

सहाव्या दिवशी तपासलं, तर शुगर आधीपेक्षा वर. डॉक्टरांनी विचारलं, "खाते क्या हो?" मी सांगितलं. "और पीते क्या हो?"

"सिर्फ पानी, साहब."

"कौन सा पानी?"

"नारियल का."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग समजावलं की कोल्ड्रिंकपेक्षा हे बरं, पण यातही साखर असतेच. शुगर ताब्यात असलेल्याने कधीतरी छोटा ग्लास घ्यावा, तोही फळासारखा हिशेबात धरून. रोज चार म्हणजे शुगरला खुराक. ऑपरेशनपर्यंत एकही नाही.

आता लोकांना नाही कसं म्हणायचं? ज्यांच्या खोलीत राहतो, ज्यांचा पगार खातो, त्यांनी प्रेमाने आणलेलं परत करायचं? मी म्हणायला लागलो, "ठेवा, जेवल्यावर पितो." आणि माणूस गेला की मागच्या दाराने शहाळं चाचांच्या गाडीवर. चाचांनाही शुगर, त्यांना लगेच कळलं. "रख दो, भैया."

पुढचा पाहुणा यायचा, गाडीवरचं चांगलं मोठं शहाळं निवडायचा आणि माझ्याकडे आणायचा. त्यातलं एक मी ओळखायला लागलो. फाटकाला मी ताजा निळा रंग दिला होता, त्याला घासून त्या शहाळ्यावर ठिपका पडला होता. ते शहाळं तीन वेळा माझी तब्येत विचारून गेलं. चौथ्यांदा आणलं ते पुन्हा काकूंनीच. "बघ, मुद्दाम निवडून आणलंय."

त्या दिवशी चाचा घाबरले. "एक ही नारियल चार बार बेच दिया. ऊपरवाला देख रहा है."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. मी फाटकाआड उभा. त्यांनी दहा शहाळी मागितली, मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. गाडी गच्च भरलेली, आणि चाचा हात जोडून म्हणाले, "नहीं बेचूँगा."

"क्यों? मैं अध्यक्ष हूँ!"

"इनको डॉक्टर ने मना किया है, साहब. ये बोलते नहीं. डरते हैं."

खोली गेली, असंच वाटलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सगळे प्रेमाने आणत होतात."

ते फाटकाशी येऊन थांबले. मग अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "पण आता मी आत येऊ कसा? आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने?"

चाचांनी आपल्या डब्यातली काकडी काढून त्यांच्या हातात दिली. अध्यक्ष तीन पावलं चालून आत आले आणि ती मला दिली. फोटोही काढला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळाने काकड्या आणायला सुरुवात केली.

शुगर आली खाली. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. लग्नसराईत खुर्च्या मी मोजत होतो, उचलत होते मंडळाचे लोक, आणि खोली अजून माझीच आहे.

परवा गाडीपाशी बोलता बोलता कळलं, की इतकी वर्षं नारळ विकणाऱ्या चाचांनी नारळाचं झाड कधी पाहिलेलंच नाही. त्यांना वाटायचं, तो वेलीला लागतो. चाचा, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे मी तुम्हाला वाचून दाखवीन. एक दिवस तुम्हाला माझ्या गावी नेईन, आमच्या परसातल्या माडाखाली बसवीन आणि तुमच्यासाठी शहाळं उतरवीन. छोटा ग्लासच देईन, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून.